आतला खिसा

परकराले आतून खिसा लावला, सिस्टर.
चेन पितळेची नाही,
खाऱ्या पाण्यात जाम होईन, सांगून ठेवतो.

पासपोर्ट खिशात. पैसे सारे एका जागी नोका ठेवू,
थोडे तिखटाच्या डब्याखाली.
तुर्कीवाला भाव सांगन, त्याच्या निम्म्यावर अडून बसजा,
अर्जुनीच्या बाजारात बसता तशा.
आपल्याले उन्हाची सवय, हा ताठा इथंच ठेवा.
समुद्रावरचं ऊन वाऱ्याआड लपून येते मनतात.

मी नाही पाहिला.
नवेगावचा बांध पाहिला,
त्याले पल्याड आहे.

चाळीस वर्षं दुसऱ्यायची बाळंतपणं केली तुमी,
आता पाय तेवढे भिजवा.

परत आल्या की परकर दुरुस्तीले आणजा.
चेन जाम असली
तर समजीन,
कमरेएवढ्या उतरल्या होत्या.