आजारी ओळ

कडेची ओळ आम्ही मरायला पेरतो.
जुनं वाण, कसलंही वारं अंगावर घेणारं.
चिंचलीच्या वाटेवरच्या प्लॉटात, कार्तिकात,
नव्वद ओळींच्या भोवती ही एक.
तिलाच आधी पाणी, तिलाच आधी युरिया.
लाडात वाढवायची
आणि दव धरायच्या सुमाराला
पंपानं तिच्यावर तांबेरा फवारायचा.

पहिल्या वर्षी कल्लव्वा भांगलताना थांबलीच.
"रोग इकत आणून पेरत्यात व्हय रं कुठं?"
विकत नाही, म्हटलं,
मागल्या सालच्या पानांवरून ब्रशनं झाडून
बाटलीत ठेवलाय, फ्रीजमध्ये,
मॅडमच्या दह्याशेजारी.

एरवीही तो येतोच.
निलगिरीच्या गारठ्यात कुठंतरी तग धरतो म्हणतात,
समुद्रात वादळ उठलं की वर उचलला जातो
आणि इकडं पावसाच्या थेंबातून उतरतो.
कोगनोळीच्या नाक्यावर त्याला कुणी
गाडी बाजूला घे म्हणत नाही.
कल्लव्वाच्या घरी त्याला भंडारा रोग म्हणतात,
आमच्या घरी तांबेरा.
पान तेच.

माघात मायाक्काची जत्रा.
बैलगाड्या परततात, माणसं केसांपासून टाचांपर्यंत पिवळी.
त्याच वाटेनं मी, सायकलवर,
गुडघ्यापर्यंत नारिंगी.
एका म्हातारीनं मला थांबवलं,
माझ्या पॅन्टीला बोट लावलं
आणि ते कपाळाला टेकवलं.
सांगायला हवं होतं.
नाही सांगितलं.

सात नंबरवर सहा वर्षं एक डाग नव्हता.
उप्पिन मॅडमनी कुंदा वाटला होता.
सातव्या वर्षी पंधरा दिवसांत
रायबागपासून अथणीपर्यंत शेतं गंजली.
सगळा भार एकाच खिळ्यावर टांगलेला,
एवढंच म्हणाल्या त्या,
आणि दोन दिवस ऑफिसात दिवा लावला नाही.

तेव्हापासून कोरी, हिरवीगार ओळ दिसली
की त्यांच्या भुवया चढतात. पुढं जातात.
थांबतात कुठं, तर जिथं डाग आहेत,
आज वीस टक्के,
पंधरवड्यानं पंचवीस,
आणि ओंबी तरीही भरत चाललेली.
तिथं त्या मातीत फतकल मारून बसतात,
भिंगातून बघत, कुणाची तरी तब्येत विचारावी तशा.
थोडं खपलीकडून आलेलं, थोडं कुणाकुणाकडून,
चार-पाच बारके गुण,
एकटा एकही पुरा न पडणारा.

कल्लव्वाची बोटं आता चिमट्याहून हलकी.
फुलोऱ्यातले तीन-तीन केसर उचलते, पिशवी चढवते,
तारीख मी लिहितो.
"तांबेऱ्याचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणते,
"चपाती दुसऱ्या दिवशी मऊ ऱ्हाती का ते बघा आधी."
मॅडमनी वहीत तसा रकाना आखलाय.

चैत्रात मळणी.
आजारी ओळीचे दाणे सगळ्यात शेवटी,
सुरकुतलेले, जिऱ्यासारखे,
सुपात धरले तर फुंकरीनं उडतील.
तिचंही बी ठेवावं लागतं.
नव्वद ओळींनी काय सोसलं
हे तिच्याशिवाय कळणार कसं?
पुढच्या कार्तिकात तिला पुन्हा पाणी, पुन्हा युरिया, पुन्हा तेच.

तिच्या पाकिटावर नाव घालताना
मी अक्षर जरा नीट काढतो.