चार दिवसांआड

पासपोर्टवर माझं नाव सुवार्ता शांतवन उमाप,
वय एकसष्ट. ह्यांचं अडुसष्ट.
गिरणी बंद पडून वीस वर्षांनी थकबाकी हातात आली,
ती आम्ही यरुशलेमला नेली.
मुलगी म्हणाली, छत गळतंय, आधी ते बघा.
हे म्हणाले, "काय?"
ह्यांचे कान मागांनी खाल्लेत.
कधी कधी सोयीचं असतं.

नगरच्या पाळकांची टोळी, एकेचाळीस माणसं,
प्रत्येकाच्या गळ्यात तीच निळी पिशवी,
पुढे गाईड, छत्रीला लाल रुमाल बांधलेला.
प्रभू इथे बसले, प्रभू इथे रडले.
आम्ही बसलो. रडायला वेळ नव्हता,
बस दहा मिनिटांत सुटायची.

यार्देन बघितली.
लहानपणापासून देवळात गायलेली नदी,
पलीकडे पोचायचं म्हणजे मरावंच लागेल इतकी रुंद.
निघाली आपल्या सीनेएवढी,
तीही उन्हाळ्यातल्या.
पलीकडच्या काठावर दुसऱ्या देशाचा शिपाई
जांभई देत उभा.
"हिप्परग्याचं तळं मोठंय," हे म्हणाले,
बहिरा माणूस म्हणतो तेवढ्या मोठ्यानं.
अर्धी टोळी हसली. पाळक नाही.

काना गावी जुन्या जोडप्यांची लग्नं पुन्हा लावतात.
तिथला दगडी रांजण ह्यांनी वाकून बघितला,
आत किती मावेल त्याचा हिशेब केला.
हिचा अंगीकार करतोस का?
"काय?"
पाळकांनी पुन्हा विचारलं.
"काय?"
तिसऱ्यांदा मीच कोपर मारलं.
"हो हो," हे म्हणाले, "केव्हाच."
सर्टिफिकेट मिळालं. त्यावर आडनाव चुकलंय.

आणि यरुशलेमात तो तांबूस दगड,
ज्यावर म्हणे त्याला निजवून तेल लावलं.
लोक त्यावर ओढण्या घासतात, माळा घासतात.
ह्यांनी पिशवीतून टॉवेल काढला.
आणलाय हे मला माहीतही नव्हतं.
शेवटच्या पाळीला ह्यांच्याच मागावरून उतरलेला,
काठाला हिरव्या चौकटी, एक धागा सुटलेला,
इतकी वर्षं ट्रंकेत, डांबरगोळ्यांत.
दगडावर पसरला
आणि तळवा फिरवत नेला सावकाश,
गाठ राहिलीय का बघतात तसा.
मागून एक बाई ढकलत होती,
तिच्या भाषेत काहीतरी कडक बोलत होती.
हे हलले नाहीत.
ऐकू येत नाही ना.

सोलापुरात उतरलो ते त्रेचाळीस डिग्रीत.
त्याच दिवशी पाण्याची पाळी.
बॅगा उघडल्या, होतं नव्हतं ते भिजत घातलं,
चार दिवसांआड नळ येतो,
कोणता कपडा कुठून आला ते कोण बघत बसतंय.

संध्याकाळी दोरीवर टॉवेल.

ह्यांनी तो नाकाशी नेला.
"दगडाचा वास गेला," म्हणाले.
मग बऱ्याच वेळानं, "गिरणीचाही."
तीन दिवस घरात बोलणं नाही.
चूक माझी होती, म्हणून मी तर मुळीच नाही बोलले.

शेजारची नरसम्मा, विड्यांचं सूप मांडीवर घेऊनच आली.
बाटलीतलं अर्धं यार्देन मागून घेतलं,
तिच्या देव्हाऱ्यात गंगेच्या गडूजवळ ठेवायला.
"तिथं रोज येतं का हो?"
नदी आहे ती, नरसम्मा.
"म्हणजे रोज येतंय," ती म्हणाली,
आणि डोळे मिटून बाटली कपाळाला लावली.

रात्री अडीचला नळाला उचकी लागली.
ती मलाच ऐकू येते.
ह्यांना हलवून उठवलं.
अंधारात आम्ही दोघं, पाइप, बादल्या, पिंपं,
ह्यांच्या खांद्यावर तोच टॉवेल,
आता रोजच्या वापरात.
त्यानंच कपाळ पुसलं, मग माझ्यापुढे धरला.
ओला होता. साबणाचा वास.
बादली हातात देताना मी हळूच म्हणाले,
चुकलं माझं.

"काय?"

"पिंप भरलं," मी ओरडले,
"पाइप काढा."