तिसरी खिडकी, डुलुथ

डार्ला कोइविस्टो. वय एकोणीस.
आई नाही. बाप आहे,
म्हणजे फार्गोकडे कुठेतरी ट्रक चालवतो;
तीन वर्षांत फोन नाही,
पण त्याची कमाई
हिच्या फॉर्ममध्ये अजून जेवायला बसते.

‘वडील काही देत नाहीत’ असा चौकोनच नाही.
या खुर्चीत अकरा वर्षं झाली, शोधून पाहिलाय.
चोवीस पूर्ण असतील तर सुटका, मी सांगते.
पदरात मूल असेल तर. फौजेत असशील तर.
दोघंही वारले असते तर...
आणि जीभ चावते.

‘लग्न?’
चालतं.
सही करशील त्या दिवशी जी असशील, ती.

ती बाहेर बघते.
पार्किंगमध्ये आयव्हर
लायब्ररीच्या कार्डाने काचेवरचा बर्फ खरवडतोय,
कार्ड मोडतं, तो हसतो, अर्ध्याने खरवडत राहतो.

कर्सर ‘अविवाहित’वर लुकलुकतोय.
बापाच्या सहीपेक्षा
कोर्टातला शिक्का सोपा,
हे तिला माझ्या तोंडून ऐकायचंय.
मला तसं बोलायची परवानगी नाही.
मी स्टेपलर सरळ करते.

‘त्याला अजून विचारलं नाहीये,’ ती म्हणते,
‘तुमचं सोमवारी उघडं असतं ना?’