बटण वरच्या अंगाला

टोलेडो, ओहायो. लग्रेंज रस्त्यावर
चाव्या बनवणाऱ्याच्या शेजारी माझं दुकान.
शनिवारी इथे गिटारवाले जमतात,
विकत काही घेत नाहीत,
फुकटची कॉफी पितात आणि पंक्तीतल्या जावयासारखी
प्रत्येक पानात खोट काढतात.

त्या शनिवारी टेबलावर ती होती.
आकार टेलिकास्टरचा, निदान कडेकडेने;
आतलं सगळं ऐकीव माहितीवर केल्यासारखं.
रंग लेथ मशीनचा हिरवा.
पिकअप तिरका, पण उलट्या अंगाला तिरका.
आणि व्हॉल्यूमचं बटण, जे खाली करंगळीशी असायचं,
ते तारांच्या वर, खर्जाच्या बाजूला,
कपाळावरच्या चामखिळीसारखं.

“हे पाप आहे,” काझ विलचेक म्हणाला.
काझ मानेवरचा नंबर पत्रिकेसारखा वाचतो,
स्क्रूच्या डोक्यावरून साल सांगतो,
आणि सहसा बरोबर सांगतो.
“एकदा जमून आलं ते आलं.
चाक गोल झाल्यावर कुणी पुढे सुधारलं का?”

इलोन्काचा बाप जीपच्या कारखान्यात होता.
ती म्हणाली, चाकाचं मला सांगू नकोस,
आणि वायर ॲम्पमध्ये खुपसली.
“ऐक. खर्ज बघ कसा घट्ट.
आणि वरच्या तारा कानात सुई घालत नाहीत.”
काझच्या मते हाच तर दोष:
टेलीने टोचलंच पाहिजे.

टायरेल रविवारी चर्चमध्ये वाजवतो.
म्हणाला, आवाजाचं ठीक आहे, पण हे बटण...
भरात आलो की मनगट लागणार,
आवाज बंद,
देवासमोर हसं.
धाकट्या ओरेनला टोकदार गिटारीच आवडतात.
त्याने मान वर केली नाही.

मी गप्प. मत मलाही होतं, काझचंच होतं,
पण भाडं एक तारखेला असतं.

गिऱ्हाईक नदीपलीकडचं, दातांचा डॉक्टर.
कुणाच्या तरी घरातलं सामान निघालं, त्यात त्याला
चाळीस डॉलरना मिळाली.
सांगून गेला: हिला माणसात आणा.

सोमवारी पट्टी उघडली.
आत सिगारेटच्या पाकिटाची चांदी चिकटवलेली,
घरघर येऊ नये म्हणून,
आणि लाकडावर पेन्सिलीने,
खोक्यांवर माल लिहितात तसल्या अक्षरांत:
काचेच्या प्रेसने करंगळी नेली, शेजारचं बोट नेलं.
मार्च एकाहत्तर. अंगठा आहे.
नाव नाही.

मी उजव्या हाताची दोन बोटं मुडपली,
पट्टा गळ्यात घातला.
अंगठा वर गेला, आणि बटण तिथेच होतं,
आपल्या घरात अंधारात कडी सापडावी तसं.
सूर शून्यातून वर आणला,
परत नेला.
माझ्या करंगळीला आयुष्यात जमलं नाही
इतक्या सावकाश.

पिकअप उलटा का, ते कळलं नाही.
भोकं पाडताना कागद उलटा धरला असेल.

डॉक्टरला फोन केला, सगळं सांगितलं.
त्याने ऐकून घेतलं, मधे बोलला नाही.
मग म्हणाला, “छान गोष्ट आहे.
पण मला दहा बोटं आहेत.”
आता यावर काय बोलणार.

मेपलची गुटी ठोकून भोक बुजवलं.
पिकअप फिरवला. हिरवा रंग खरवडला,
खाली साधं पाइन निघालं, गाठी असलेलं.
वर लोणकढी पिवळा, दोन हात.
बिल तीनशे दहा.
अक्षरं पुसली नाहीत, वरून पट्टी लावली.
बटण ड्रॉवरमध्ये आहे,
गॅसच्या शेगडीचं निघालं ते.

पुढच्या शनिवारी ती भिंतीवर टांगलेली होती,
डॉक्टर यायचा होता.
काझ आला, इलोन्का आली,
टायरेलने सगळ्यांना कॉफी ओतली.
नजरा तिच्यावरून गेल्या,
पुढच्या खुंटीवर गेल्या.
संध्याकाळपर्यंत तिच्याबद्दल
कुणालाच काही म्हणायचं नव्हतं.