धुपदाळची मोजणी

घटप्रभा स्टेशनात पॅसेंजरमधून उतरलो
तर साखर कारखान्याचा वास आमच्या आधी फलाटावर.
जानेवारी. कानटोपी.
खिशात मुलानं घेतलेलं कानाचं यंत्र, डबीतच.
एकतीस वर्षं उद्यमबागेतल्या फाउंड्रीत
ओतीव लोखंडाच्या कडा घासल्या मी.
ग्राइंडरनं डोळ्यांना ठिणग्या दिल्या,
बदल्यात काय नेलं ते रिटायर झाल्यावर कळलं.

वनखात्याचा यमनप्पा बंधाऱ्यावर उभा होता.
फॉर्मवर दोन रकाने: पाहिला, ऐकला.
पहिला तुमचा, दुसरा माझा,
हे त्यानं बोटांनीच ठरवून टाकलं.

खाली उघड्या पडलेल्या खडकांत शेकाटे,
लाल काड्यांवर टेकवून ठेवल्यासारखे.
सत्तेचाळीस. एक उडाला, एक आला;
तोच की अठ्ठेचाळिसावा,
हा वाद माझा माझ्याशीच.
थापट्या मान न उचलता पाणी गाळत होता,
आमच्या मोल्डिंगचा दुर्गाप्पा वाळू चाळायचा तसा.
यमनप्पा डोळे मिटून. मध्येच बोट वर:
टिटवी. मी त्याच्या भरवशावर लिहितो.
एक नाव त्याला मराठीत येईना, मला कानडीत कळेना.
मग पन्नाशीचा तो गडी
भर बंधाऱ्यावर ढुंगण वरखाली हलवू लागला.
धोबी, लिहिलं मी.

दुपारी भाकरी, शेंगाचटणी.
हात धुतल्यावर त्यानं माझा तळवा
पाण्याच्या दाराच्या लोखंडी चाकावर ठेवला.
आतून नदी चालली होती.
चालू लेथला हात लावला की कळतं ना
बेअरिंग बरं आहे का, तसं.
बरी होती.

चारच्या पुढं आधी यमनप्पाचा चेहरा वर गेला.
मी आभाळ शोधत राहिलो.
बऱ्याच वेळानं हरभऱ्याच्या रानावरून
करकोचे.
"कोक्करे," त्याचे ओठ गोल झाले.
राखी अंग, छातीवर लोंबती काळी झालर.
दोनशे बारा. दोनदा मोजले.

ते काठावर उतरले तेव्हा मी डबी उघडली.
यंत्र कानात घातलं.
पहिला आला ट्रॅक्टर,
उसाच्या दोन ट्रॉल्या आणि वर गाणं.
मग वारा, माझ्याच कानटोपीच्या लोकरीवर घासणारा.
"ओरडतायत काय?"
"इल्ल री. सुम्म निंताव."
उगी उभे आहेत.
आम्हीही उभे राहिलो.
एक करकोचा एका पायावर गेला. बाकी काही नाही.
सहाची गाडी काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हती.

डब्यात बसून फॉर्मची कार्बन प्रत उघडली.
करकोचा. पाहिला: २१२.
ऐकला: कोरं.
त्यानं तर ऐकले होते, मी पाहिलं होतं ना त्याचं तोंड.
इतर सगळ्या ओळी भरल्या आणि ही नाही.

यंत्र काढायचं राहून गेलं होतं.
पाच्छापूरला गाडी थांबताना
ब्रेकच्या ठोकळ्याची कड किंचाळली.
कुणीतरी घाईनं घासलेली.