पाठीमागची भिंत

घरून काम सुरू झालं आणि कळलं,
माणसाला एक पाठ असते,
पाठीमागे भिंत,
आणि ती पुण्यातल्या, कोइमतूरच्या अकरा जणांना
रोज सकाळी दहाला दिसते.

माझ्या भिंतीवर होतं काय,
पापुद्रे धरलेला चुना,
गॅस एजन्सीच्या कॅलेंडरचा खिळा,
जुन्या स्विचबोर्डाची चौकोनी खूण.
मी विम्याचे दावे तपासते.
जळकी गोदामं, भिजलेल्या कापसाचे गठ्ठे,
दिवसभर दुसऱ्यांच्या भिंतींचे फोटो.
स्वतःच्या भिंतीचा दावा
पहिल्यांदाच टेबलावर आला.

श्रीरंग म्हणाला, सात घोडे लाव. धावते.
मी म्हटलं, माझ्या मानेमागून घोडे निघाले
तर आकड्यांकडे कोण बघेल?
मुलानं बंगळुरूहून फोटो पाठवला,
तीन फ्रेमा, तीन पानं,
रंग एकच, भिजवलेल्या बिस्किटाचा.
दातांच्या दवाखान्यात असतात तशा.

मग एका शनिवारी फाइन आर्ट्सच्या अंगणात
पोरांनी टेबलं मांडली होती.
तोरल नावाची मुलगी, नखांत शाई,
एक एचिंग ढिगाच्या तळाशी सारत होती.
आ तो भूलवाळी छे, आंटी.
दांडिया बाजारातलं चष्म्यांचं दुकान,
शटर अर्धं, स्टुलावर मांजर,
तारेवर लटकलेल्या बिनकाचेच्या फ्रेमी,
आणि वर मराठी पाटी.
पाटी तिनं जस्तावर सरळ कोरली,
कागदावर ती उलटी उतरली.
छापाचा पहिलाच धडा.
तीनशे म्हणाली, मग आपणहून दोनशे.
पाचशेची नोट होती माझ्याकडे,
सुटे तिच्याकडे नव्हते.
उरलेल्यात तिनं सहा बुकमार्क दिले.

रावपुऱ्यात हर्षदभाई फ्रेमवाले.
सोनेरी पट्टी दाखवली, मग कोरीव,
मग सोनेरी कोरीव.
मी म्हटलं, साधी सागाची, बोटभर.
माउंट पांढराशुभ्र नको, ते म्हणाले,
त्याच्याशेजारी कागद मळका दिसतो.
सायीच्या रंगाचा घ्या.
आणि खाली अर्धा इंच जास्त,
म्हणजे चित्र बसतं, नाहीतर घसरतं.
काच झगझगीत घेतलीत
तर तुमची खिडकीच येऊन बसेल तिच्यात.
एवढं सगळं एका चहात.
पाटी उलटी आहे हं बेन, दोनदा सांगितलं त्यांनी.
माहीत आहे, दोनदा म्हटलं मी.

उंचीवरून भांडण झालं.
श्रीरंग उभा राहून मोजतो, मी बसून.
ही खोली बसणारीची आहे.
पहिलं भोक भसकन मोठं झालं,
चुना त्याच्या चष्म्यावर.
दुसरं चार बोटं बाजूला,
फ्रेम माझ्या डोक्यातून उगवल्यासारखी दिसू नये म्हणून.
पहिलं आपोआप झाकलं गेलं.
आमच्या अहवालात याला
'पूर्वीपासूनचं नुकसान' म्हणतात.

मला वाटलं होतं,
ज्याच्याकडे पाठ करून बसायचं
त्याच्यासाठी एवढी यातायात कशाला.

सोमवारी दहाला कॅमेरा लावला.
तो ज्याचा त्याला आरसा दाखवतो,
बाकीच्यांना खरं.
माझ्या चौकटीत, माझ्या खांद्यामागे,
पाटी सरळ झालेली होती.
येथें चष्मे दुरुस्त करून मिळतील.
'येथें'वरच्या जुन्या अनुस्वारासकट.
एकटीला मला.

कोइमतूरची सेल्वी म्हणाली,
छान आहे, कुठली लिपी?
पुण्याच्या टिळेकरांनी मान तिरकी केली,
चष्मा काढला,
शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला,
आणि विचारलं,
नेत्रा, माझा आवाज येतोय ना?

येतोय, म्हटलं.
सुरतच्या गोदामाची फाइल उघडली.
मांजर माझ्या खांद्यावरून
त्यांच्याकडे बघत होतं.