वीस मिनिटं

काचेची नळी नवी हवी. कोरडी हवी.
साबणाने धुतलेली नळी खोटं बोलते,
हे मला पुस्तकाआधी रझिया सोलकरने सांगितलं,
खाडीपलीकडच्या या दवाखान्यात
एकोणीस वर्षं लोकांचं रक्त काढणारीने.

दोन मिली. खिडकीशी लाकडी स्टँड.
आता हात लावायचा नाही,
डोकावायचंही नाही.
विरजण लावलेल्या भांड्याला
आई जशी कुणाला शिवू द्यायची नाही.

बाकावर शेवंती गोताड.
सड्यावर पातेरा गोळा करत होती.
वीतभर फुरसं करवतीसारखं खरखरलं,
तिला वाटलं पानंच वाजली.
पदराने हिरड्या पुसत विचारते,
"बाय, भाजावळ अर्धीच ऱ्हायली,
सांजच्याला सोडशील ना?"

सात मिनिटं.

माझ्या प्रबंधात ती रुग्ण क्रमांक एकेचाळीस.
रक्तात एक जण दुसऱ्याला उठवतो, दुसरा तिसऱ्याला,
आग लागल्यावर वाडी जागी होते तसं.
फुरशाचं विष मधेच कुणाला तरी खोटी हाक देतं.
सगळी वाडी कळशा घेऊन धावत सुटते
आग नाही तिथे,
आणि खरी लागते तेव्हा
विहिरीचा तळ दिसतो.

अकरा.

हेच विष आम्ही प्रयोगशाळेत विकत घेतो.
समुद्रापलीकडून बर्फात बसून येतं,
चिमूटभर, कुपीवर लॅटिन नाव,
किंमत शेवंतीच्या दोन हंगामांच्या मजुरीइतकी.
रझिया म्हणते, "आमच्या गडग्यात फुकट आहे की!"

सोळा.
बाबांचं उलटं झालं.
रातांब्याच्या बीएवढी गाठ
पोटरीतून निघाली ती फुप्फुसात पोचली,
मी तेव्हा परिषदेत आलेख दाखवत होते.
त्यांचं घाईने गोठलं, हिचं गोठत नाही.
या दोघांच्या मधे कुठेतरी माझी नोकरी.

वीस.
रझिया नळी उचलते, तिरकी करते, एकदाच.
रक्त काठाशी येतं
पाण्यासारखं, बिनतक्रार.

प्रतिविषाच्या दहा कुप्या. सलाईन टांगलं.
सहा तासांनी पुन्हा नवी नळी,
पुन्हा ते भांड्याला न शिवणं.
रझिया घरी कळवते, बांगडे तळून ठेवू नका,
उशीर होईल.

रात्री साडेदहा.
नळी तिरकी केली.
काही हललं नाही.
मी वहीत वेळ लिहिली, पेन दोनदा थांबलं.
मागे शेवंती झोपेत बोलली,
"काडी लावू नका रं आत्ताच,
वारा हाय."